श्वास इसरणारी पोर

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात लोणीच्या शिवारात कांदा असा पोसला होता, की वाटेनं जाणारा माणूस बांधावर थांबून बघत राही. पण सगळ्यांचा कांदा एकदमच काढणीला आला आणि बायांची टोळी कुणाला मिळेना. मग खंडूनं घरचीच माणसं रानात घातली. तो स्वतः, त्याची बायको द्रौपदा, मुलगा रविंद्र आणि सून कल्याणी. कल्याणीला सातवा लागला होता. तिला वाकायचं काम नको म्हणून द्रौपदानं तिला आंब्याखाली बसवलं, विळा दिला आणि उपटून आणलेल्या कांद्याची पात कापायला लावली.

दुपारच्या भाकरीच्या आधी कल्याणीनं विळा बाजूला ठेवला.

"आत्या," ती म्हणाली, "पाणी जातंय."

द्रौपदानं तिच्या लुगड्याकडं बघितलं आणि तिथूनच रविंद्रला हाक मारली. शेजारच्याची जीप मिळाली. कल्याणीला आडवी घालून रविंद्र मंचरला गेला. रानात दोघंच उरली. द्रौपदा परत वाफ्यात उतरली, पण तिच्या हातून कांदा उपटताना पातच तुटून येऊ लागली.

दिवस मावळायला दुकानातल्या फोनवर निरोप आला. मुलगी झाली. किलोभराची. डॉक्टरांनी तिला लहान मुलांच्या दवाखान्यात नेऊन काचेच्या पेटीत ठेवलं.

"सातव्याचं जगतं म्हणत्यात," दुकानापाशी कुणीतरी म्हणालं. "आठव्याचं न्हाई जगत."

दुसऱ्या दिवशी खंडू एकटाच आधी रानात गेला. आठवडा होत आला तरी रविंद्र मंचरलाच. इकडं अर्धा कांदा जमिनीत, उपटलेला अर्धा पातीखाली वाळत पडलेला, कांदा साठवायची बराखी रिकामी. एका सकाळी आभाळ भरून आलं. खंडूनं वर बघितलं, मग बायकोकडं.

"तू जा मंचरला," तो म्हणाला. "रविंद्रला लावून दे माघारी. सुनंला आन् पोरीला बी घिऊन ये."

"डाक्टर सोडत्याल?"

"न सोडाया काय झालं? काचंत ठिवून का कुणी जगतंय? जगायची आसंल तर घरी बी जगंल. आन् नसंल..." त्यानं पुढचं बोलणं गिळलं. "आपल्या डोळ्यादेखत तरी जाईल."

द्रौपदाला हे वाईट वाटलं नाही. तिलाही तसंच वाटत होतं. तिनं लुगडं बदललं, फडक्यात भाकरी बांधल्या आणि धामणीवरून जाणारी जीप धरली.

दवाखाना वरच्या मजल्यावर होता. जिन्यापाशीच चपला काढायला लावल्या. दारात सिस्टर उभी होती. तिनं द्रौपदाला नळ दाखवला.

"कोपरापर्यंत धुवा, आजी."

द्रौपदानं धुतले. सिस्टरनं तिचे हात नाकाशी नेले.

"परत धुवा. कांद्याचा वास येतोय."

"त्यो जायाचा न्हाई, बाई. हाडात मुरलाय."

"तरी धुवा. आणि बांगड्या काढा."

द्रौपदानं हात मागं घेतला. नवरा जिवंत असताना बांगडी काढायची म्हणजे काय, हे त्या पोरसवदा सिस्टरला कसं सांगायचं? बाकावर बसलेली माणसं बघत होती. शेवटी सिस्टरनंच बांगड्या कोपराच्या दिशेनं वर सरकवल्या, हिरवी काच कातडीत रुतेपर्यंत, आणि वरून पट्टी गुंडाळली. मग एक हिरवा झगा लुगड्यावरून चढवला. द्रौपदाला आपण कुणीतरी दुसरीच असल्यासारखं वाटलं. तसल्याच अवघडलेल्या चालीनं ती आत गेली.

आत ऊब होती, चूल विझल्यावर भोवतीच्या मातीला असते तशी. तीन पेट्या होत्या. मधल्या पेटीत निळा उजेड होता आणि त्या उजेडात काहीतरी पडलेलं होतं.

पहिल्यांदा तिला लेकरू दिसलंच नाही. नळ्या दिसल्या, डोळ्यांवरची पट्टी दिसली. मग छाती दिसली. कातडीखालच्या फासळ्या मोजता याव्यात अशा, आणि त्या वर-खाली होत होत्या. एवढं वर-खाली होत होतं, की सारं अंग त्या एकाच कामाला लागलं होतं. श्वास घेणं हे एवढं कष्टाचं काम असतं, हे द्रौपदाला उभ्या जन्मात कळलं नव्हतं.

मग तिला हात दिसला. तिच्या अंगठ्याच्या पेरावर मावेल एवढा पंजा. त्याला पाच बोटं, बोटांना नखं. तिनं काचेला नाक लावलं. पंजा उघडला, तर तळहातावर रेघासुद्धा होत्या. एवढ्या घाईनं आलेल्या पोरीच्या हातावर कुणीतरी सावकाश बसून रेघा ओढल्या होत्या.

"आगं माझे आई," द्रौपदा म्हणाली.

आणि तेवढ्यात छाती थांबली.

मशीन ओरडू लागलं. पोरीचे ओठ जांभळे पडले. सिस्टर धावली नाही. ती चालत आली, पेटीच्या खिडकीतून हात घातला आणि पोरीच्या तळपायावर बोटानं टिचकी मारली.

"काय गं? विसरलीस होय? घे, घे श्वास."

छाती एकदम वर आली. ओठ पुन्हा लाल झाले. मशीन गप्प झालं.

"काय झालं व्हतं?" द्रौपदानं विचारलं.

"काही नाही. इतकी लहान लेकरं श्वास घ्यायचं विसरतात, आजी. पोटात असताना घ्यावा लागत नव्हता ना. आठवण करून द्यावी लागते."

"दिसभर?"

"रात्रंदिवस."

द्रौपदा बाहेर आली. बाकावर रविंद्र बसला होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. आई आपल्याला न्यायला आली आहे हे त्याला ठाऊक होतं. तो उठून उभा राहिला.

"आई, मी कल्याणीला सांगतो आवराया..."

"तू जा," द्रौपदा म्हणाली. "तुझा बाप येकटा हाय रानात. म्या ऱ्हाते हितं."

"आन् नाना काय म्हणत्याल?"

"त्यांना म्हणावं, घरी तिला आठवण कोण करून देणार?"

रविंद्रला काही उमगलं नाही. पण आईचा चेहरा बघून तो जिना उतरला.

कल्याणी मागच्या खोलीत होती. तिथं आयांसाठी सतरंज्या घातल्या होत्या. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती. केसांच्या जटा झालेल्या. तिच्याजवळ एक काळीसावळी, तरतरीत बाई बसून वाटीत चमचा ढवळत होती.

"तुमी सासूबाई का? बरं झालं आला," ती बाई म्हणाली. "ही काय खात न्हाई. आत बी जात न्हाई."

"आत का जात न्हाई?"

कल्याणी भिंतीकडंच बघत बोलली. "म्या हात लावला आन् ती निळी पडली, आत्या. पैल्या दिशी. नुसतं बोट लावलं व्हतं. मपल्याच पोटानं टाकली तिला, आता हात बी नगं वाटतो तिला मपला."

द्रौपदाला समजुतीचं बोलता येत नसे. तिनं पिशवीतून तेलाची बाटली आणि फणी काढली, सुनेला उठवून बसवलं आणि एकेक जट सोडवायला घेतली. कल्याणी पहिल्यांदा ताठ बसली. मग तिची मान हळूहळू सैल पडली.

ती दुसरी बाई संघमित्रा. महाळुंगे पडवळची. तिचा मुलगा पलीकडच्या पेटीत होता आणि तिला त्या दवाखान्यात महिना होऊन गेला होता. तिनं स्टोव्हवर चहा केला आणि एक कप द्रौपदापुढं धरला.

"महाळुंग्यात कुणातल्या तुमी?" द्रौपदानं सवयीनं विचारलं.

"आमी बौद्ध, मावशी," संघमित्रा सरळ म्हणाली. कप तिनं मागं घेतला नाही, पुढंही केला नाही. तसाच धरून ठेवला.

द्रौपदाचा हात क्षणभर फणीवरच राहिला. गावात असती तर तिनं 'आत्ताच झाला' म्हटलं असतं. इथं तसं म्हणायला तिची जीभ वळली नाही. तिनं कप घेतला. चहा गोड होता, आणि सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

दूध कसं काढायचं हे कल्याणीला संघमित्रानंच शिकवलं. गरम फडक्यानं शेकायचं, बोटं अशी ठेवायची, घाई करायची नाही. पहिल्या दिवशी वाटीचा तळही ओला झाला नाही. कल्याणी रडू लागली.

"सुकलं. माझं सुकलं."

"सुकलं न्हाई, भ्यालंय," संघमित्रा म्हणाली. "माझं बी आसंच झालं व्हतं. तू तिला बघितल्याबिगर त्ये येणार कसं?"

"मला न्हाई बघवत."

द्रौपदानं दवाखान्याच्या मागं तीन दगड मांडले. बाजरीची भाकरी, शेपूची भाजी, अळिवाची खीर. कल्याणीच्या पुढ्यात ती ताट ठेवी आणि संपेपर्यंत समोरून उठत नसे. संघमित्रालाही भाकरी देई. आधी दुरून सरकवी. मग कधी एका परातीतून तिघी खाऊ लागल्या ते तिचं तिलाही समजलं नाही.

वाटीत थेंब येऊ लागले. मग चमचाभर. सिस्टर तो चमचाभर नळीत ओतायची आणि द्रौपदा बघत उभी राहायची. पिवळसर धार नळीतून उतरत जाई, आणि पोरीच्या पोटात ती पोचली की पोर पाय ताणी. गोठ्यात धारांच्या बादल्या काढलेली बाई ती. पण दुधाच्या चमच्याकडं असं श्वास रोखून तिनं कधी बघितलं नव्हतं.

एके दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता हिला आईच्या छातीवर द्यायची. उघड्या अंगाला अंग. पेटीपेक्षा ती ऊब बरी, श्वासही कमी विसरतात."

कल्याणीनं मान हलवली. "नगं. म्या न्हाई. काय झालं तर?"

डॉक्टरीणबाईंनी जबरदस्ती केली नाही. त्या द्रौपदाकडं वळल्या. "आजी, तुम्ही घेता?"

"म्या?" द्रौपदा दचकली. "माझ्या अंगात काय ऱ्हायलंय आता?"

"ऊब आहे ना?"

कोपऱ्यात पडदा ओढला. खुर्ची ठेवली. सिस्टर म्हणाली, "चोळी सोडा." द्रौपदा तशीच उभी राहिली. नवऱ्यापुढंही तिनं उजेडात चोळी सोडली नव्हती. तिनं डोळे मिटले आणि गाठ सोडली. सुकलेली, उन्हानं गळ्याशी काळी आणि खाली गोरी राहिलेली ती छाती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सिस्टरनं तिथं काहीतरी ठेवलं. वजन नव्हतंच. नुसता ओला, मऊ, कढत स्पर्श. वरून फडकं गुंडाळून गाठ मारली.

"हलायचं नाही, आजी."

द्रौपदा हलली नाही. पोरीचं डोकं तिच्या गळ्याखाली होतं. पहिल्यांदा ती वळवळली, मांजराच्या पिलासारखा आवाज केला. मग थांबली. तिच्या छातीची धडधड द्रौपदाला आपल्या छातीवर लागू लागली. लई जलद, चिमणी मुठीत धरल्यासारखी. आणि द्रौपदा श्वास घेई तशी पोर वर उचलली जाई, सोडला की खाली येई. थोड्या वेळानं द्रौपदाच्या ध्यानात आलं, की ते बारकं अंग तिच्या श्वासाच्या मागं मागं येतंय. तिनं श्वास लांबवला. पोरीनंही सावकाश घेतला.

"घे बाई," द्रौपदा पुटपुटली. "म्या घेते तसा घे. इसरू नगंस."

दिवसाउजेडी नुसतं बसून राहणं तिनं कधी केलं नव्हतं. हात रिकामे असले तर ती तांदूळ तरी निवडी. त्या दिवशी तिनं काहीच केलं नाही. फक्त श्वास घेतला आणि सोडला. पाय बधिर झाले, पाठीला रग लागली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत खाली उतरलं. मशीन एकदाही ओरडलं नाही.

काचेपलीकडं कल्याणी येऊन उभी राहिली होती, हे तिला फार उशिरा दिसलं.

त्या सांजेला दोघी मागच्या अंगणात बसल्या. द्रौपदा चुलीतला जाळ पुढं सारत म्हणाली, "रविंद्रच्या आधी मला येक झाली व्हती. सातव्यातच."

कल्याणीनं वर बघितलं. घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं.

"सुपात कापूस घातला आन् चुलीपाशी ठिवली. म्या बाजंवरनं बघत व्हते. रडली बी न्हाई ती. दिस मावळायच्या आत सूप रिकामं झालं. आता कळतंय मला, ती पण इसरलीच आसंल. आन् टिचकी माराया कुणाला म्हाईत व्हतं?" ती थांबली. "तिसऱ्या दिशी मला दूध आलं. भरून आलं. प्यायला कुणी नव्हतं. सासूनं लुगड्याच्या धडप्यानं छाती आवळून बांधली, आन् म्या खुरपाया गेले."

जाळ फरफरला. कल्याणीनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुझी हाय, कल्याणी. आत हाय. तुला भ्या वाटतंय ना, वाटू दे. भीत भीत घे. पर घे."

दुसऱ्या दिवशी कल्याणीनं आपणहून हात धुतले. पडद्यामागं बसली. पोर छातीवर ठेवली तेव्हा तिचे दात वाजत होते. द्रौपदा मागं उभी राहून तिच्या खांद्यावर हात ठेवून होती. पोर वळवळली, मग तिनं गाल आईच्या अंगाला लावला आणि तोंड थोडंसं उघडं ठेवून गाढ झोपली. कल्याणीची चोळी दोन्हीकडून भिजली. दूध आपसूक गळू लागलं होतं. तिनं वर सासूकडं बघितलं. कल्याणीच्या डोळ्यांतलं पाणीही थांबत नव्हतं.

"आत्या, हिला मी म्हाईत हाय."

"म्हाईत नसाया काय झालं?" द्रौपदा म्हणाली.

पुढं दोघी पाळीपाळीनं पोरीला छातीवर घेऊ लागल्या. निळा उजेड बंद झाला. डोळ्यांवरची पट्टी निघाली. पोरीनं डोळे उघडले तेव्हा ते पाणी भरलेल्या विहिरीसारखे काळे, खोल होते. त्या डोळ्यांपुढं द्रौपदाला आपणच लहान झाल्यासारखं वाटलं.

संघमित्राच्या मुलाला घरी सोडलं, त्या दिवशी द्रौपदानं त्याला स्वतः उचललं आणि जिन्यावरून खाली रिक्षापर्यंत नेलं. आईच्या हाती देताना त्याच्या गालावरून हात उतरवून कानशिलावर बोटं मोडली. कडाकडा मोडली.

"लई दिष्ट लागंल रं तुला," ती म्हणाली. संघमित्रा तिच्या पाया पडायला वाकली, तर द्रौपदानं तिला मध्येच धरून उराशी घेतलं.

त्यानंतर वळवानं लोणीला गाठलं. गारा पडल्या. मंचरात नुसता वारा सुटला होता. पण आभाळाचा तो रंग बघून द्रौपदा समजली. दोन दिवसांनी दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली. खंडू होता. धोतराला गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी काळपटलेली. भिजलेला कांदा घेऊन तो टेम्पोनं मार्केट यार्डात आला होता. टेम्पो आता खाली रस्त्यावर उभा होता.

"निम्मा गेला," तो जिन्याच्या तोंडाशीच म्हणाला. "पार सडला. चार हात आसतं तर बराखीत गेला आसता."

"ठावं हाय मला," द्रौपदा म्हणाली.

"मग? किती दिस बसणार हितं? आज टेम्पो रिकामा हाय. आवरा. न्यायलाच आलोय म्या." त्याचा आवाज चढला. बाकावरची माणसं वळून बघू लागली. "रानात कांदा सडतोय आन् सासू-सुना हितं बसल्यात..."

"हळू बोला."

"का हळू बोलू?"

द्रौपदानं त्याचा दंड धरला आणि त्याला आतल्या दारापाशी नेलं. समोर पडदा ओढलेला होता. पडद्यामागं कल्याणी बसलेली. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आज नळी नको, अंगावर घेऊन बघा, ओढायला लागली की चार दिवसांत घरी. सकाळपासून तीनदा लावून बघितलं होतं. पोर नुसती चाटायची आणि झोपायची.

"सून हाय आत," द्रौपदा दबक्या आवाजात म्हणाली. खंडू लगेच पाठमोरा झाला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. "आता निस्तं ऐका."

आधी काहीच ऐकू आलं नाही. पंख्याची घरघर. मग कल्याणीचा कुजबुजता आवाज, "घे गं माय, घे." मग पुन्हा काही नाही. खंडूनं बोलायला तोंड उघडलं.

आणि पडद्यामागून एक आवाज आला. चुक्. थांबला. चुक्, चुक्. वाळक्या पानावर पाण्याचे थेंब पडावेत एवढाच. मग मोठा विसावा. दमली असावी. द्रौपदानं नकळत स्वतःचा श्वास धरून ठेवला. खंडूनंही धरला. चुक्, चुक्, चुक्. आणि त्यामागून गिळल्याचा, घोट उतरल्याचा आवाज. एवढ्याशा गळ्यातून एवढा स्पष्ट.

"ह्यो..." खंडू म्हणाला, "ह्यो आवाज तिचा?"

"गप ऱ्हावा," द्रौपदा म्हणाली. "ती जेवतीया."

खंडूनं टोपी काढली. का काढली ते त्याचं त्यालाच कळलं नसावं. देवळात शिरल्यासारखा तो टोपी दोन्ही हातांत धरून भिंतीशी उकिडवा बसला आणि कान देऊन ऐकत राहिला. त्याच्या गुडघ्यावरचा चिखल सुकून भुरूभुरू खाली गळत होता.

"कुणी शिकिवलं तिला?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"कुणी न्हाई."

खाली रस्त्यावर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. एकदा, मग लांबलचक. खंडू झटकन उठला, अनवाणीच गॅलरीत गेला आणि कठड्यावरून वाकला. ओरडायला त्यानं तोंड उघडलं होतं. पण आवाज काढला नाही. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खूण केली, जा, तू जा पुढं.